दोघांना पुरेल एवढे घर

समलिंगी प्रेमकथा वाचताना किंवा पडद्यावर पाहताना माझे लक्ष सर्वांत आधी एका गोष्टीकडे जाते : या दोघांना भेटायला, आणि पुढे एकत्र राहायला, जागा कुठे मिळते? नजरानजर, हुरहूर, रुसवे, विरह हे कोणत्याही प्रेमकथेत असतेच. मुलगा आणि मुलगी यांच्या गोष्टीत घरच्यांचा विरोध कितीही कडवा असला, तरी लग्न झाले की त्यांचा संसार कुठेतरी मांडला जाणार, हे वाचकाने मनाशी धरलेले असते. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या गोष्टीत ते धरता येत नाही. खोली कोणाची, किल्ली कोणाकडे, दाराला आतून कडी आहे की नाही, जिना चढताना घरमालकाच्या खिडकीवरून जावे लागते काय, अशा अगदी साध्या गोष्टींवर तिथे कथा वळते आणि कधीकधी माणसाचा जीवही जातो. ज्या लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी ही जागेची अडचण ओळखली आणि तिच्याकडे नीट पाहिले, त्यांच्याच कलाकृती माझ्या मनात घर करून राहिल्या आहेत.

मला हा विषय एवढा जवळचा का, ते सांगितले पाहिजे. मी आणि माझी जोडीदारीण नागपुरात खामल्याला भाड्याच्या घरात राहतो. दोन अविवाहित पुरुषांना घर शोधताना जितके नकार ऐकावे लागतात तितके आमच्या वाट्याला आले नाहीत, कारण नोकरी करणाऱ्या दोन बायका म्हटल्या की भाडे वेळेवर येईल आणि घर स्वच्छ राहील, असा घरमालकांचा हिशेब असतो. मात्र "तुम्ही दोघी बहिणी बहिणी आहे काय?" हा प्रश्न प्रत्येक दारात ठरलेला होता. आता राहतो ते घर पाहायला गेलो तेव्हा मालकीणबाईंनी दोन खोल्यांत दोन पलंग कसे मावतील, ते विती टाकून मोजून दाखवले होते. आम्ही मान डोलावली आणि पलंग दोन आणले. दुसऱ्या पलंगावर आता पुस्तके असतात आणि पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांतली बहुतेक तिथेच आहेत.

मराठीत माझ्यापुरती सुरुवात विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'पासून होते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी हे नाटक रंगभूमीवर आले आणि त्यात रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा देव ऊर्फ मित्राची भूमिका केली. मी ते पाहिलेले नाही, फक्त वाचले आहे, पण वाचतानाही मित्रा डोळ्यांसमोर उभी राहते : ताठ, हजरजबाबी, कोणाच्या दबावाखाली न येणारी आणि जिच्यावर प्रेम करते त्या नमाच्या बाबतीत मात्र पार हतबल. तिची गोष्ट सांगतो तो बापू, जो स्वतः तिच्यावर जीव टाकतो. मित्राला आणि नमाला एकांत मिळावा म्हणून हा बापू आपली खोली त्यांना देतो आणि स्वतः बाहेर राहतो. संपूर्ण नाटकातले हेच मला सर्वांत मोठे प्रेमाचे कृत्य वाटते. ज्या जगात त्या दोघींना कोणी दार उघडणार नाही, तिथे एका मुलाने आपल्या मनावर दगड ठेवून स्वतःच्या खोलीची किल्ली त्यांच्या हाती दिलेली आहे. शेवटी मित्रा मरते. समलिंगी पात्राने अखेरीस मरायचे हा त्या काळच्या लेखनाचा जवळजवळ रिवाजच होता आणि तेंडुलकरांनीही तो मोडला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. नमाच्या मनात नेमके काय चालले आहे, हेही नाटक पुरेसे उलगडत नाही. तरीही मराठी प्रेक्षकाला त्यांनी मित्राचा तिरस्कार करू दिला नाही, तिच्याबरोबर बसवून ठेवले, आणि त्या काळी हे काम सोपे नव्हते.

त्यानंतर पाव शतकाने, २००६ मध्ये, सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण येतो आणि घरातला मुलगा तनय व मुलगी अनुजा दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. पहिला भाग तनयचा आहे आणि तो सगळा त्या निघून गेलेल्या तरुणाला उद्देशून, 'तू' म्हणून बोललेला आहे. दुसरा भाग अनुजाची डायरी आहे. तनयचा भाग मी कितीही वेळा वाचू शकते. भाडेकरूची खोली ही त्या घरातलीच, पण घराच्या नियमांपासून सुटलेली जागा आहे. आईवडिलांना वाटते की मुलाला चांगला मित्र मिळाला, आणि मुलगा वरच्या खोलीत आयुष्यातले पहिले मोकळे श्वास घेत असतो. आपल्याकडे दोन मुलांच्या मैत्रीवर कोणी संशय घेत नाही, हाताला हात लागला तरी कोणाचे लक्ष जात नाही, आणि याच गाफीलपणाच्या आडोशाला तनयचे प्रेम वाढते. पण त्याच आडोशामुळे त्याच्या दुःखालाही वाचा फुटत नाही. अनुजा त्या भाडेकरूबरोबर पळून जाते तेव्हा घरात आकांत होतो, तिच्या परतण्यावर चर्चा होतात, तिला सावरायला माणसे धावतात. तनयनेही तोच माणूस गमावलेला आहे, आणि त्याने काही गमावले आहे हे कोणाला माहीतही नाही. एकाच छपराखालच्या दोन दुःखांतला हा फरक मराठीत इतक्या शांतपणे कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही. कुंडलकरांनी स्वतः दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, तो केरळात घडतो आणि देखणा आहे, पण पुण्याच्या त्या घरातला कोंदटपणा त्यात राहिला नाही. मी कादंबरीच्याच बाजूची.

बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' ही २००५ची कादंबरी कलाकृती म्हणून मी या रांगेत बसवणार नाही. तिच्यात समजावून सांगण्याचा सूर मोठा आहे. पण आपल्या मनात जे आहे ते मराठीत, स्पष्ट शब्दांत, कोणीतरी लिहिलेले सापडावे अशी ज्या वयात निकड असते, त्या वयाच्या मुलांच्या हाती ती पडली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता ज्या गोष्टीशी माझ्या शहराचा थेट संबंध आहे तिच्याकडे येते. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांनी नागपूर विद्यापीठातून मराठीत डॉक्टरेट मिळवली होती. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत, आधुनिक भारतीय भाषांच्या विभागाचे प्रमुख होते, आणि 'पाया खालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह होता. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या क्वार्टरमध्ये कॅमेरा घेऊन माणसे घुसली, एका सायकलरिक्षावाल्याबरोबर ते एकांतात असताना चित्रीकरण केले गेले, आणि विद्यापीठाने ९ फेब्रुवारीला त्यांना निलंबित केले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले होते, म्हणजे कायद्याने त्या वेळी तो गुन्हाही नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

हंसल मेहता यांचा 'अलीगढ' हा चित्रपट फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. मनोज वाजपेयी यांनी सिरसांची भूमिका केली. तो प्रेमकथा नाही, असे माझे मित्र म्हणतात. माझ्या मते आहे, आणि या यादीतली सर्वांत दुखरी प्रेमकथा ती आहे. चित्रपटात एक बराच लांब प्रसंग आहे, ज्यात सिरस रात्री आपल्या घरात एकटे बसून ग्लास हातात धरून लता मंगेशकरांचे 'आप की नज़रों ने समझा' ऐकतात. 'अनपढ' या १९६२ च्या चित्रपटातले मदनमोहन यांच्या चालीचे हे गाणे. कॅमेरा हलत नाही. ते डोळे मिटतात, ओठ हलतात, हात हवेत सुरावर फिरतो, मधूनच एक कडवे स्वतः गुणगुणतात. गाण्यातल्या बाईला कोणीतरी आपल्या नजरेने पसंत केलेले आहे आणि ऐकणाऱ्या त्या माणसाला ते सुख कधी पुरते मिळालेले नाही. दुसरा प्रसंग न्यायालयातला आहे. त्यांच्या आयुष्याचा निकाल लागायचा आहे, दोन्ही वकील तावातावाने बोलत आहेत, आणि सिरस मागे बसून आपल्या मराठी कवितांचे इंग्रजी भाषांतर करत आहेत, मधेच पेंगत आहेत. मी तो प्रसंग पाहिला तेव्हा मला विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांत शेवटच्या ओळीत वही घेऊन बसणारे कितीतरी सभ्य, एकटे, वयस्क गृहस्थ आठवले. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी संध्याकाळी कोण असते, असा विचार त्याआधी माझ्या मनात कधी आला नव्हता. सिरसांनी जे मागितले ते फारच थोडे होते : एक घर, एक कडी, एक गाणे, आणि कधीतरी सोबतीला येणारा एक माणूस. हे सगळे त्यांच्याकडे होते आणि दुसऱ्यांनी दार उघडून ते संपवले.

दीपा मेहता यांचा 'फायर' १९९६ चा, भारतात नोव्हेंबर १९९८ मध्ये लागलेला. डिसेंबरात मुंबई-दिल्लीच्या चित्रपटगृहांत तोडफोड झाली, चित्रपट पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे गेला आणि १९९९ मध्ये परत पडद्यावर आला. या वादामुळे चित्रपटाकडे चित्रपट म्हणून फारसे कोणी पाहिलेच नाही. दिल्लीतले एकत्र कुटुंब, खाली दुकान, वर घर, अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली सासू, आणि दोन जावा. शबाना आझमींची राधा आणि नंदिता दास यांची सीता. एकत्र कुटुंबात स्वयंपाकघर आणि गच्ची या दोनच जागा बायकांच्या ताब्यात असतात आणि मेहतांनी त्या दोघींचे प्रेम नेमके तिथे वाढवले आहे. सहलीच्या प्रसंगात सीता सगळ्यांसमक्ष राधेचे पाय चेपते. शेजारी बसलेला राधेचा नवरा आपल्या घरातले हे प्रेम पाहून समाधानाने बोलतो. तो जे पाहतो आहे ते त्याला समजत नाही आणि आपल्याला समजते. जावेने जावेचे पाय चेपणे हे आपल्याकडे चांगल्या वळणाचे लक्षण मानले जाते, आणि त्याच वळणाच्या आत त्या दोघींनी आपली जागा शोधलेली आहे. चित्रपटाचा इंग्रजी संवाद आज कानाला खटकतो, काही प्रतीके फार ढोबळ वाटतात, पण पाय चेपण्याच्या त्या प्रसंगासाठी मी बाकीचे सगळे माफ करते.

इस्मत चुगताई यांच्या 'लिहाफ'चे नाव इथे न घेतल्याबद्दल कोणी तरी विचारेलच. १९४२ ची ती कथा मोठी आहे, तिच्यावर लाहोरला अश्लीलतेचा खटला चालला आणि तो टिकला नाही, हे सगळे खरे. पण ती एका घाबरलेल्या लहान मुलीच्या नजरेतून सांगितलेली आहे आणि बेगमजान व रब्बू यांच्यात प्रेम आहे की एकाकीपणाची भूक, हे मला आजही सांगता येत नाही. आवडत्या प्रेमकथांत ती माझ्याकडून बसत नाही.

नीरज घायवान यांनी 'अजीब दास्तान्स' या २०२१ च्या नेटफ्लिक्सच्या चित्रपटमालिकेत केलेला 'गीली पुच्ची' हा भाग मात्र बसतो, आणि दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्या कोणालाही तो जास्त खोलवर कळेल असे मला वाटते. कोंकणा सेन शर्मा यांची भारती मंडल ही दलित मुलगी कारखान्यात यंत्रावर काम करते. पात्रता असूनही तिला ऑफिसातली डेटा ऑपरेटरची जागा मिळत नाही आणि ती प्रिया शर्माला मिळते. अदिती राव हैदरी यांची ही प्रिया ब्राह्मण, नवविवाहित, आणि स्वतःच्या मनाचा ठाव न लागलेली. भारती तिला आपले आडनाव बॅनर्जी सांगते. दोघींमध्ये ओढ निर्माण होते, ती खरी आहे, तिच्यात काही खोटे नाही, आणि तरीही भारती आपली जात सांगते तेव्हा प्रियाचा हात मागे सरतो. पुढे प्रियाच्या सासरी चहा येतो. बाकीच्यांना कप, भारतीला स्टीलचा पेला. घायवान यांनी त्या पेल्यावर कॅमेरा रेंगाळू दिलेला नाही, कोणी काही बोलत नाही, आणि भारती तो पेला हातात घेऊन चहा पिते. समलिंगी प्रेम केले म्हणजे माणूस आपोआप दुसऱ्या सगळ्या भिंती ओलांडतो, असा एक भाबडा समज आपल्या वर्तुळातही असतो. इथल्या आमच्याही मित्रमंडळींत कोण कोणाच्या घरी जेवायला जातो, कोणाला फक्त बाहेर चहाला भेटतो, हे पाहिले की भारती आठवते. भारती त्यानंतर जे करते ते निष्ठुर आहे, आणि मी प्रत्येक वेळी तिच्याच बाजूने असते.

परदेशी साहित्यातली माझी सर्वांत आवडती गोष्ट ई. एम. फॉर्स्टर यांची 'मॉरिस'. फॉर्स्टर आपल्याला 'अ पॅसेज टु इंडिया'मुळे आणि देवासच्या मराठा दरबारात त्यांनी काही काळ खाजगी सचिव म्हणून काम केल्यामुळे ठाऊक असतात. १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या पहिल्या प्रवासाहून परतल्यावर ते एडवर्ड कार्पेंटर या लेखकाला भेटायला गेले. कार्पेंटर आपला जोडीदार जॉर्ज मेरिल याच्याबरोबर एका खेड्यात उघडपणे घर करून राहत होते. त्या घरातल्या भेटीतून 'मॉरिस' सुचली, असे फॉर्स्टर यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. मला ही हकिगत कादंबरीइतकीच प्रिय आहे : दोन माणसांचे चालते घर पाहून एका घाबरट, बुद्धिमान माणसाला लिहिण्याचे धैर्य आले. कादंबरी १९१४ मध्ये पूर्ण झाली. तिचा शेवट सुखाचा करायचा, हे त्यांनी निश्चयाने ठरवले होते आणि तेवढ्याच कारणाने त्या काळात ती छापणे अशक्य होते. ती प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. केंब्रिजमधला पहिला प्रियकर क्लाइव्ह हा मॉरिसला उंच उंच विचार देतो, पण घर देत नाही. स्वतः लग्न करून आपल्या वाड्यात बसतो. इस्टेटीवरचा शिकारराखा अॅलेक मात्र शिडी लावून खिडकीतून आत येतो. मर्चंट-आयव्हरी यांचा १९८७ चा चित्रपटही सुरेख आहे. शेवटी क्लाइव्ह खिडक्या बंद करत असतो, तिथला त्याचा चेहरा पाहावा.

पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी 'द प्राइस ऑफ सॉल्ट' ही कादंबरी १९५२ मध्ये क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने छापली, कारण स्वतःच्या नावाने छापण्याची हिंमत होण्याजोगा तो काळ नव्हता. दुकानातल्या खेळण्यांच्या विभागात काम करणारी तरुण थेरेस आणि घटस्फोटाच्या वाटेवर असलेली श्रीमंत कॅरल. दोघी मोटारीने लांब प्रवासाला निघतात, मोटेलांत राहतात, आणि कॅरलच्या नवऱ्याने पाठीमागे लावलेला गुप्तहेर शेजारच्या खोलीतून त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करतो. मुलीचा ताबा हिसकावून घेण्यासाठी तो पुरावा वापरला जातो. इथे पुन्हा भिंतीपलीकडचा माणूस आहेच. सिरसांच्या दारात कॅमेरा आला त्याच्या सुमारे साठ वर्षे आधी हायस्मिथ यांनी हे लिहिले होते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. पण कादंबरीत त्या दोघी मरत नाहीत, वेड्या होत नाहीत, आणि पश्चात्तापाने नवऱ्याकडे परतही जात नाहीत. या कादंबरीवरच्या टॉड हेन्स यांच्या २०१५ च्या 'कॅरल' चित्रपटात केट ब्लँचेटची कॅरल थेरेसला सांगते की तिने मॅडिसन अॅव्हेन्यूवर एक अपार्टमेंट घेतले आहे आणि ते दोघींना पुरेल एवढे आहे. हे ती जरा खालच्या आवाजात, जणू घराच्या सोयीगैरसोयींविषयी बोलावे तसे सांगते. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य त्यानंतर येते, आणि मला त्याहून हे घराचे वाक्यच मोठे वाटते.

अॅनी प्रू यांची १९९७ ची 'ब्रोकबॅक माउंटन' ही कथा आणि अँग ली यांचा २००५ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिलेला आहे, म्हणून एकाच गोष्टीवर थांबते. लोक दोन शर्टांविषयी बोलतात, आणि ते शर्ट आहेतच तसे. पण सगळी शोकांतिका ठरते ती त्याआधी, जॅक आपल्या प्रियकराला, एनिसला, म्हणतो की आपण दोघे मिळून एक छोटेसे गुरांचे रँच घेऊ, तिथे. एनिस नाही म्हणतो. लहानपणी वडिलांनी त्याला मुद्दाम नेऊन एका माणसाचे प्रेत दाखवलेले असते, जो दुसऱ्या एका पुरुषाबरोबर घर करून राहत होता. एनिसचे जॅकवर प्रेम कमी नाही. घर या कल्पनेचीच त्याला भीती घालून ठेवलेली आहे. त्यामुळे वीस वर्षे ते डोंगरात तंबू टाकून भेटत राहतात.

आणि आता 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांच्या या मराठी चित्रपटाला २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो भारतात प्रदर्शित झाला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या विधींसाठी आईबरोबर गावी येतो. भाऊबंदांनी घर भरलेले आहे, सुतकाचे नियम आहेत, आणि 'आता तरी लग्न कर' हा धोशा आहे. गावात त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या आहे, शेती आणि शेळ्या सांभाळणारा, ज्याच्या मागेही लग्नाचा तगादा आहे. भूषण मनोज आणि सुराज सुमन यांनी ही दोन माणसे अशी उभी केली आहेत की त्यांच्या बोलण्यात कुठेही लिहिलेल्या संवादाचा वास येत नाही.

या चित्रपटात दोघांना खोली नाही. सुतकाच्या घरात प्रत्येक कोपऱ्यात कोणीतरी झोपलेले आहे. म्हणून ते रानात जातात, झाडाखाली आडवे होतात, शेळ्या आजूबाजूला चरत असतात, आणि बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची बोंडं काटे काढून आणतो. ज्यांनी ती लहानपणी खाल्ली आहेत त्यांना माहीत असेल की ती तोडणाऱ्याच्या बोटांत बारीक कुसे शिरतात आणि ती दिवसभर सलतात. दुसऱ्याने खावीत म्हणून कोणी ती तोडून, घासून, साफ करून देणे, यात काय काय येते ते चित्रपट बोलून दाखवत नाही. आपल्या गावाकडची माणसे प्रेम असेच करतात, हातातल्या कामातून. आणि आनंदच्या आईविषयी लिहिले नाही तर हा परिच्छेद अपुरा राहील. जयश्री जगताप यांनी केलेल्या या बाईला मुलाचे सगळे ठाऊक आहे. ती भाषण करत नाही, आसवे गाळत नाही, मुलाला जवळ घेऊन कबुलीही काढून घेत नाही. नातेवाइकांच्या प्रश्नांच्या आणि मुलाच्या मधे ती नुसती उभी राहते. माझी जोडीदारीण चित्रपट संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही आणि घरी आल्यावर तिने तिच्या आईला फोन लावला. त्या दोघी काय बोलल्या ते मी विचारलेले नाही.

दोन चित्रपटांचा उल्लेख थोडक्यात करते. 'बधाई दो' हा हर्षवर्धन कुलकर्णी यांचा २०२२ चा चित्रपट विनोदी अंगाने जातो, पण पोलीस क्वार्टरमध्ये सोयीचे लग्न करून राहणारे शार्दूल आणि सुमी, आणि तिथे राहायला आलेली सुमीची रिमझिम, यांच्या संसारातले भांडी-कपडे-शेजारी मला फार खरे वाटले. दुसरा जिओ बेबी यांचा २०२३ चा मल्याळम 'काथल'. मामुटी यांच्यासारखा नट, मध्यमवयीन, विवाहित, पंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभा राहिलेला मॅथ्यू म्हणून समोर येतो आणि त्याची बायको ओमना घटस्फोट मागते. मॅथ्यू आणि त्याचा प्रियकर तंकन यांच्यात पडद्यावर जवळजवळ संवादच नाही. पण या चित्रपटाने मला जे दाखवले ते दुसऱ्या कोणी दाखवले नव्हते : खोट्या घरात केवळ नवरा अडकत नाही, ज्योतिका यांची ओमनाही वीस वर्षे अडकलेली आहे आणि तिची सुटका हाही त्या प्रेमकथेचाच भाग आहे. जबरदस्तीने मुलांची लग्ने लावू पाहणाऱ्या आईबापांना मी हाच चित्रपट आधी दाखवीन.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर दिल्लीच्या निकालानंतर पुन्हा लागू झालेल्या, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा त्यापुरता जाच ६ सप्टेंबर २०१८ रोजी संपला, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क मात्र दिला नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने संयुक्त बँक खाते उघडायला व जोडीदाराला खात्याचा नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. म्हणजे भेटण्याची जागा आता गुन्ह्याची राहिलेली नाही, खाते दोघींच्या नावे काढता येते, पण घर अजून आपले आपण उभे करायचे आहे. या काळातल्या गोष्टी त्यामुळे वेगळ्या असायला हव्यात. पकडले जाण्याच्या भीतीवर चालणारे कथानक आता पुरेसे नाही. भाडेकरार कोणाच्या नावाने करायचा, इस्पितळात सही कोणाची, दिवाळीला कोणाच्या घरी जायचे, म्हातारपणी कोण कोणाला पाहणार, या प्रश्नांत पुष्कळ प्रेम आणि पुष्कळ नाट्य भरलेले आहे.

मला वाचायची आहे ती मराठी कादंबरी अशी आहे : विदर्भातले एखादे गाव किंवा नागपूरच, निवृत्तीला आलेल्या दोन बायका, पंचवीस-तीस वर्षांचा संसार, दोघींचे आजार, दोघींचे पेन्शन, भाचे-पुतण्यांचा घरावर डोळा, मे महिन्यातला कूलर आणि त्याच्या पाण्यावरून रोजची कुरबुर. कोणी मरू नये अशी माझी अट नाही, वय झाल्यावर माणसे मरतातच. फक्त मागे राहिलेलीला घरातून कोणी काढू नये. अशी कादंबरी कोणी लिहिली असेल आणि माझ्या वाचनातून सुटली असेल, तर मला तिचे नाव जरूर कळवावे.